चतुःसीमा

सनदेचा वरचा भाग लॅटिनमध्ये.
देवाचं नाव, बिशपची उपाधी,
सरदार हेर्दविन यास जमीन तीन हयातींपुरती:
त्याची, मुलाची, नातवाची. मग परत मठाकडे.
पूल बांधणं, कोट राखणं, फौजेत जाणं,
एवढं सोडून सगळं माफ.
इथवर माझी लेखणी अडखळत नाही.

शिवेपाशी लॅटिन संपतं.
बिज्जूच्या बिळाला रोममध्ये नाव असेलही,
पण या बिळाला नाही.

म्हणून लुल्लाला बोलावलं.
लुल्ला कूळ. आला तेव्हा त्याला दोन बैल, एक गाय,
सहा मेंढ्या, पेरलेली सात एकर.
बदल्यात आठवड्याला दोन दिवस वेठ, सुगीत तीन,
मायकेलमासला दहा पेनी,
मार्टिनमासला जव आणि दोन कोंबड्या.
मेल्यावर उरेल ते मालकाचं.
हे त्यानं एका दमात सांगितलं,
प्रार्थना म्हणतात तसं, अर्थाकडे न बघता.

आमच्या बोलीत मालक म्हणजे भाकरी राखणारा,
मालकीण म्हणजे कणीक मळणारी,
चाकर म्हणजे ती भाकरी खाणारा.
जव पेरणारा त्या शब्दांत कुठे शिरलाच नाही.

तो पुढे. मी मागे, मेणाची पाटी छातीशी धरून.
करड्या दगडापासून कुंपणाच्या कडेनं.
कुंपणानं भुर्जापर्यंत.
भुर्जापासून, चोराला टांगलं तिथे.
तिथून जुन्या लोकांच्या थडग्यांवर,
क्रॉस यायच्या आधी मेलेल्यांच्या.
प्रत्येक खुणेला तो काठीनं हलकेच ठोकायचा,
संध्याकाळी गुरं मोजावीत तसा.
माझ्या जोड्यांत पाणी. बिशपला हे लिहायचं नसतं.

मग ओढा.
तो थांबला. काठी उचललीच नाही.
"बेगेचा उतार," म्हणाला.

हा ओढा मी पोरवयापासून ओलांडतोय.
याला सगळे चिखलउतार म्हणतात.
"बेगा कोण?"
तो पाण्याकडे बघत राहिला.
"लिहा. ओढ्यानं वर, बेगेच्या उतारापर्यंत.
तिथून बांधानं पुन्हा करड्या दगडापाशी."

अक्षरं उमटल्यावर मला आठवलं.
दोन वर्षांमागचा मार्च, पूर,
मालकाची मेंढरं पलीकडे नेणारी कुणा कुळाची पोर.
मेंढरं सगळी सापडली होती. तेवढीच नोंद आहे,
माझ्याच हातची.

मेणावरचं पुसणं सोपं. अंगठा फिरवला की झालं.
अंगठा मी कमरपट्ट्यात खोचून ठेवला.

कातड्यावर मजकूर दोनदा उतरवला,
मधल्या मोठ्या अक्षरांतून सुरी फिरवली.
एक तुकडा बिशपला, एक हेर्दविनला.
लुल्लाला सोमवार मिळाला, नांगरासकट.

साक्षीदारांनी क्रॉस काढले, कुणी वाकडे, कुणी फारच मोठे.
शेवटी शाप, नेहमीचा:
या लेखातला एक शब्दही जो बदलेल
तो जुदासच्या शेजारी जळत राहो.
दर वेळी तो मी झरझर लिहून मोकळा होतो.
या खेपेला शाईत लेखणी
दोनदा बुडवावी लागली.