खुर्च्या छत्तीस, मोडक्या चार

मिरजेच्या प्रयोगशाळेत सात वर्षं
मी रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवली.
पाचारण म्हणावं असं आकाशातून काही उतरलं नाही.
एक पोरगा आला, सतरा-अठराचा, बाही वर सरकवलेली.
कापूस दाबून धरत म्हणाला,
ताई, रिपोर्ट वाईट आला तर मला कोण सांगतं?
मी म्हटलं, सहानंतर, खिडकी नंबर दोन.

त्या रात्री जेवण गेलं नाही.
पुढेही बरेच दिवस घास घोळत राहिला.
मग हे प्रार्थनेत बोलले, मग पाळकांशी,
मग आईशी. तिने एवढंच विचारलं,
पगार किती?

म्हणून हे वास्को.
मंगोर हिलच्या उतारावर
बोटींच्या पंपांच्या दुकानावरचा मजला,
मराठी मंडळी, उपासना रविवारी साडेआठ.
मागे एक खोली, ती माझी.
खजिनदार रणभिसेकाकांनी किल्ल्या दिल्या
आणि एक वही: खुर्च्या छत्तीस, मोडक्या चार,
पेटी एक, काळी चार बसलेली.
तरुणांचं तेवढं तुम्ही बघा, म्हणाले,
मागचा नळ गळतो हे सांगावं, तशा आवाजात.

शुक्रवारी सहाला मी फळ्यावर तीन मुद्दे लिहिले.
सव्वासहाला दोन पुसले.
सहा चाळीसला अनुग्रह शिंगारे आला.
मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर रात्रभर पत्ते वाटतो.
भिंतीला डोकं टेकून बसल्या बसल्या झोपला,
बोटं मात्र मांडीवर हलत होती,
कुणाला तरी पानं देत.
मग एस्तेर, हातात क्रूझच्या नोकरीचा फॉर्म,
‘अनुभव’ या रकान्यापाशी अडकलेली.
मग खालच्या घरातला बोस्त्यांव,
कॅथलिक, त्याचं आमच्याकडे काय काम?
बॉल तुमच्या पत्र्यार पडला गो, म्हणाला,
आणि बॉल मिळाल्यावरही
काखेत धरून दारातच उभा राहिला.
शेवटी सलोमी, चौदाची,
वेणीचं टोक चावत.

वीज गेली.
बंदरातून जहाजाचा भोंगा आला,
लांबलचक, खर्जातला, पंख्याची पाती थरथरवणारा.
मी म्हटलं, आपण प्रार्थना करू या.
अंधारातून सलोमी म्हणाली,
ताई, तू किती दिवस आहेस?

कुणीतरी खाकरलं.

आधी एक दादा होता, गिटारवाला. बंगळूरला गेला.
मग एक जोडपं. आमच्यासाठी केक करायचे.
मग एक सर. त्यांनी आमची सगळ्यांची नावं
कार्डांवर लिहून इथे भिंतीला चिकटवली होती.
टेपचे डाग आहेत अजून.
लाइट आली की दाखवते.

मी तयारी करून आले होते.
देव दुःख का देतो, यावर माझ्याकडे दोन पानं होती.
मोबाइलवर, नशेवर, परीक्षेच्या भीतीवर
वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या.
यावर काही नव्हतं.
माहीत नाही गं, मी म्हटलं.

आधीचे सगळे ‘कायम’ म्हणाले होते.
हे भिंतीकडून आलं.
अनुग्रह जागा होता तर.

प्रार्थना राहूनच गेली.
वीज येईपर्यंत बोस्त्यांवने
अंधारात बॉल जमिनीवर आपटला, हळू,
आणि कुणी त्याला थांब म्हटलं नाही.

सोमवारी मिरजेचं गॅसचं कार्ड घेऊन
मी एजन्सीच्या रांगेत उभी राहिले.
पुढच्या बाईच्या पिशवीतून सुंगटांचं पाणी ठिबकत होतं.
फॉर्मवर एक रकाना होता, कायमचा पत्ता.
तिथे मीही अडकले,
एस्तेरसारखीच, पेनाचं टोपण दातांत.
मागचे लोक चुळबुळले तेव्हा लिहिला.

कारकुनाने वाचला, चष्मा वर केला.
बाई, त्या चढावर वरच्या मजल्यावर
सिलिंडर आणून देत नाहीत आमची पोरं.
माणसं आहेत का तुमच्याकडे उचलायला?

आहेत, मी म्हटलं, चौघं.
एक दिवसा झोपतो.