सत्तर-तीस

लुद्रिकांचा रॉयस्टन डबी घेऊन आला
तेव्हा मी पडवीत सुंगटां सोलत होतो.
हात धुवा म्हणाला नाही, पण डबी लांबच धरली.
आत, जाड प्लास्टिकच्या पल्याड, एक कार्ड:
डावखुरा गोलंदाज, उडीच्या टोकाला,
पाय कुठे टेकायचा ते अजून ठरायचंय असा.

"काका, ह्यां नाबरांच्या प्रेसातलां काय?"

मी हात धुतले. दोनदा, लिंबू लावून.

वर चिठ्ठी होती: सहा.
कोपरे शाबूत, चकाकी शाबूत, रंगही उडालेला नाही,
फक्त चित्र सरकलंय.
डावीकडे पांढरी पट्टी साडेतीन मिलिमीटर, उजवीकडे दीड.
सत्तर-तीस, रॉयस्टन म्हणाला,
वाटणीपत्रातला हिस्सा सांगावा तसं.
सहाला अकरा हजार येतात.
मधोमध असतं, दहा मिळाले असते, तर
त्याने बंदराकडे पाहिलं
आणि एका होडीची किंमत सांगितली. इंजिनासकट.

त्या वर्षी चतुर्थी तोंडावर होती.
आरत्यांची पुस्तकं, दशावताराची हँडबिलं
आणि कुडाळच्या गोळ्यांच्या कारखान्याची ही कार्डं,
एका शीटवर पंचवीस.
कटरची सुरी धारेला सावंतवाडीला गेलेली,
छापलेला गठ्ठा चार दिवस तसाच पडून.
वेंगुर्ल्याची खारी हवा कागदात शिरते.
कागद फुगतो, हे लोकांना खोटं वाटतं.
भाकरीसारखा नाही फुगत,
गरोदर बाईची अंगठी घट्ट व्हावी, तितकाच.

गठ्ठा ठोकून सरळ केला, अडसराला टेकवला.
पहिला काप बरोबर.
दुसरा बरोबरच म्हणायचा.
तिसऱ्याला कापखूण सुरीच्या पुढे गेली, केसभर.
चौथ्याला चांगलीच.
तेव्हा थांबता आलं असतं.
दर कापाला अडसर थोडा थोडा सोडून
चूक सगळ्यांत वाटून टाकता आली असती.
कुणाच्या लक्षातही आलं नसतं.
नाबर शेठ दारात घड्याळ बघत उभे.
म्हणाले, पोरं गोळी खातात रे,
फूटपट्टी घेऊन बसत नाहीत.

शेठना दोष देणं सोपं आहे. वारले ते.

शीट मी आधीच नीट पाहिली होती.
पहिल्या उभ्या रांगेत कप्तान,
मग सलामीचे दोघे,
मधे तो यष्टिरक्षक, ज्याचा फोटो
माझ्या पोराने पिठाच्या डब्यावर चिकटवला होता.
शेवटच्या रांगेत पाच नवे,
त्यांतल्या दोघांची नावंसुद्धा चुकलेली.
चूक कुठेतरी जायला हवी होती.
मी ती त्यांच्याकडे जाऊ दिली,
सोलकढी संपत आली की वाढपी
टोकाच्या पानाशी हात आखडतो, तशी.

त्यातल्या चौघांचं पुढे काय झालं, ठाऊक नाही.
हा तेरा वर्षं खेळला.

हे सगळं मी रॉयस्टनला सांगितलं.
त्याने मोबाइल काढला, काहीतरी मोजलं, परत ठेवला.
"मगे ह्येचा मधोमध आसलेलां एकय नाय?"
"नाय. एक गठ्ठो, एक सुरी. दोनशे शीटां एका दमात."

मग त्याने सांगितलं की दुबईत एक माणूस आहे,
डोंबिवलीत एक आहे,
दहाचं कधी येतंय म्हणून वाट बघत बसलेत,
वर्षानुवर्षं.
मला हसू यायला हवं होतं.

सुंगटांवर माश्या बसायला लागल्या होत्या.
तो उठला, पायरीपर्यंत गेला, वळला.
"काका, ह्यां लिवन देशात काय?"

नातीच्या वहीतलं पान फाडलं,
चष्मा शोधला,
नाव, गाव, प्रेसचं नाव, हुद्दा: कटरमन.
खाली सही.
रॉयस्टन कागद बराच वेळ बघत राहिला,
मग कार्ड, मग पुन्हा कागद.
डावीकडे मी समास सोडला होता
सवयीने, जरा जास्तच,
आणि उजवीकडे माझं आडनाव
कडेला टेकलं होतं.