बुधवारच्या चादरी

अक्कलकोट रोडच्या आश्रमात
मंगळवारी चादरी धुवायला जातात,
बुधवारी कुणाच्याही होऊन येतात.

नरसय्या म्याकल, खाट सात,
काठावर अंगठा फिरवतो :
"ही माझी न्हवं. धोटा घाईत मारलाय."
सिस्टर म्हणते, आजोबा, सगळ्या सारख्याच.

चष्मा गेला तेव्हा तो बोलला नव्हता.
कवळी दुसऱ्याची आली,
तीही दोन दिवस घातली,
भाकरी आमटीत भिजवून.

आज मात्र उठला,
खाटाखाटांशी चाचपत
अकरा नंबरला थांबला.
काठाला गाठ. त्यानंच मारलेली, मागावर.
आत शिवलिंगप्पा, गुडघे पोटाशी, थंडीनं.

चादर त्याच्या खांद्यावर ओढली,
परत आला,
आणि रात्रभर
त्या घाईतल्या विणकराला
तेलुगूत शिव्या घातल्या.