सातशे अंशांचा ताव

ओस्त्रावा. नोव्हेंबर. खिडकीवर कोळशाची जुनी पूड.
ड्राहोस्लावा नमुना घासते:
आठशेचा कागद, बाराशेचा, शेवटी हिऱ्याची पेस्ट,
पोलादात स्वतःची भुवई दिसेपर्यंत.

मग आम्लाचा थेंब. पाच सेकंद.
आरसा विझतो, वस्ती दिसू लागते.

डावीकडे बॉयलरच्या नळीचं साधं पोलाद,
उजवीकडे क्रोमियमचा तोरा मिरवणारं स्टेनलेस,
मधला सांधा व्हेंडेलीनच्या हातचा.
वर भट्टीत आठ तास.

"ताण उतरला?" तो दारातूनच विचारतो,
टोपी हातात.
"उतरला. आतल्या कडक सुयाही नरमल्या.
पण इथं बघ."

खुर्ची रिकामी होते. तो डोळा लावतो.
सीमेच्या अलीकडे एक फिकट पट्टा,
कण मोठे, सैल, जागाच जागा.
पलीकडे काठाला चिकटून काळी, दाट रेघ.
"कार्बन. ऊब मिळाली की उठून क्रोमियमकडे जातो."

"मग ताव द्यायचाच नाही?"
"तर पहिल्याच थंडीत तडकेल."
"आणि दिला तर?"
"तर या फिकट पट्ट्यात. वीस वर्षांनी. कदाचित."

ती वहीत लिहिते: ऐंशी मायक्रॉन.
"पुढच्या खेपेला मध्ये निकेल भरू.
ते असं सहजासहजी कुणाला जाऊ देत नाही."
"म्हणजे मधला माणूस थंड डोक्याचा हवा,"
तो हसतो, पण डोळा काढत नाही.

चहा निवतो.
मार्चमध्ये त्याची पेन्शन.
अडतीस वर्षं सांधे घातले त्यानं,
बाहेरून.