हेल्मेटशिवाय प्रवेश नाही

अकरा महिन्यांचा कागद सात वेळा झाला.
आठव्यांदा ठवकरांचा प्रफुल आला,
चहा अर्धा ठेवून म्हणाला,
"काकू, प्लॉट विकला बाबांनी. आता कागद नाही होत."
उठताना दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं त्याचं,
दर वर्षी आपटायचं तसंच.

घर आमचं, जागा त्यांची.
किती सहज सांगायचो आम्ही लोकांना,
जशी काही जागा म्हणजे
घराच्या पायातली चप्पल.

पुलाचं काम संपलं तेव्हा ठेकेदाराने भंगारात काढलेलं
वीस बाय आठचं लोखंडी ऑफिस ते.
मधुकरने दोन खिडक्या कापल्या,
कापलेल्या पत्र्याचा मोरीला आडोसा केला.
हिंगणा रोडने ट्रेलरवर आलं,
तेव्हा मी पुढे ड्रायव्हरशेजारी होते,
मांडीवर तेजू,
आणि बाजूच्या आरशात
मागे मागे येणारं माझं घर.
सिग्नलला थांबलो की तेही थांबायचं.

दाराशेजारी लाल अक्षरं होती:
हेल्मेटशिवाय प्रवेश नाही.
तीनदा रंग मारला वरून.
एप्रिल लागला की रंगाचे पोपडे सुटायचे
आणि आधी "प्रवेश", मग "नाही" वर यायचं.
नंदेचे यजमान एका दिवाळीला
खरंच हेल्मेट घालून जेवायला बसले.

मे महिन्यात भिंतीला हात लावायची सोय नव्हती.
कूलरच्या वाळ्यावर मी मग्ग्याने पाणी मारायची
आणि रात्री पत्रा निवताना टण्ण वाजायचा.
तेजूला त्याचं काही नाही.
माझ्या माहेरी मात्र
मध्यरात्री उठून बसायची. म्हणायची,
आई, इथं घर काहीच बोलत नाही.

खिळा ठोकायची गरज कधी पडली नाही.
बिघडलेल्या स्पीकरांतली काळी गोल लोहचुंबकं
मधुकर खिशातून आणायचा.
त्यांच्याखाली विजेचं बिल, राशनकार्ड,
तेजूचं वेळापत्रक, सासऱ्यांचा फोटो.
मोठा ट्रक गेला की सासरे
बोटभर खाली सरकायचे.

हायड्रावाला आला. सहारे म्हणून होता.
भोवती फिरला, वाकला,
विटांच्या फटीतून मोबाईलचा उजेड मारला,
पान्ह्याने खालून ठोकलं.
"उचलून देतो ना ताई. पण वरचंच येईन.
खालचं इथंच राहून जाईन.
पेंदा गंजून गेला ना बाप्पा, त्या कोपऱ्यातून."
भाडं सांगितलं. नवा पेंदा लावायचा खर्च
मधुकरला सांगावा लागला नाही, तो स्वतः वेल्डर.
न्यायचं कुठे,
हे सहारेने विचारलं नाही.
आम्हीही एकमेकांना विचारलं नव्हतं.

"राहू द्या," प्रफुल म्हणाला,
"नव्या मालकाला चौकीदार ठेवायचाच आहे."
वर तीन हजार देऊ केले. मधुकरने घेतले.
मी असते तर घेतले नसते,
पण मी तेव्हा आत फरशी पुसत होते.
म्हणजे फरशी नाही, पत्राच.
निघायच्या दिवशी कोणी पुसतं का?
बादली कलंडली, आणि पाणी
सात वर्षं जायचं तसं
पश्चिमेच्या कोपऱ्यात गेलं, तिथे थांबलं,
मग दिसेनासं झालं.

त्या कोपऱ्यातून, सहारे म्हणाला होता.

म्हणजे रोज सकाळी, दोन वेळा,
फिनेल टाकून,
मीच.

आता वाठोड्याला दुसऱ्या मजल्यावर खोली आहे.
विटांची भिंत, गुळगुळीत पुट्टी.
तेजूने वेळापत्रक लावलं, वर चुंबक दाबून धरलं,
बोट काढलं. पुन्हा धरलं.
मग सगळी चुंबकं मी डब्यात टाकली.
तिथे ती एकमेकांना अशी धरून बसलीत
की एक हवं तर सुरी घालावी लागते.

परवा मधुकर तिकडून आला.
चौकीदाराने निळा रंग दिला म्हणे,
दाराला, भिंतीलाही.
मी विचारलं, अक्षरं दिसतात का?
बूट काढता काढता म्हणाला,
"थांब. एप्रिल येऊ दे."