परिशिष्ट ‘इ’

विषय क्रमांक एकशे बारा पटलावर आला
तेव्हा पावणेपाच वाजले होते
आणि निम्मे सन्माननीय सदस्य खाली, आपापल्या गाड्यांपाशी.
बाळकुमच्या बाजूचा एक नाका, त्यावर उड्डाणपूल.
सचिवांनी वाचलं. मागल्या बाकांवरून आवाज आला, मंजूर, मंजूर,
भाजी निवडताना देठ टाकावेत तसा.
चहाचा कप खाली ठेवेपर्यंत
मी पुढच्या पानावर.

सत्तावीस वर्षं इतिवृत्त लिहितोय.
आरडाओरडा झाला, तर ‘सदस्यांनी आपली मते मांडली’.
कोणी माईक उपटला, तर ‘काही काळ व्यत्यय’.
आणि कोणीच काही बोललं नाही,
तर ‘चर्चेअंती सर्वानुमते’.
हा शब्द मला साळवींनी दिला निवृत्त होताना,
त्यांच्या दाभणासकट.

प्रस्तावाला परिशिष्टं होती, अ ते ऊ.
पानांवर आकडे घालायचं काम माझं.
वाचायचं कोणाचं, ते नियमात नाही.
‘इ’मध्ये वाहनगणनेचे मूळ तक्ते.
सोळा तास, चार रस्ते, गणक : हर्षाली केणी.
रकाने छापील. दुचाकी, रिक्षा, मोटार, टेम्पो, बस, अवजड.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
मेथीच्या जुडीसारख्या आवळून बांधलेल्या.

अकराव्या तक्त्यावर, समासात,
निळ्या पेनानं, पट्टी न लावता
तिनं आणखी एक रकाना आखलेला.
वर लिहिलेलं : चालत.

पहाटे चार ते पाच, तीन जुड्या आणि दोन.
खाली बारीक अक्षरात : एक टोपलीवाली, दोनदा परत फिरली.
साडेसहाला शाळा, तिथं रेघा एकमेकींवर चढलेल्या,
काही तर रकान्याबाहेर पळालेल्या.
दुपारी बाराला एकच रेघ
आणि शेजारी : दुभाजकावर उभा.
अजून उभा.
मग पान संपतं.

सल्लागाराच्या अहवालात ‘चालत’ नाही.
त्यांच्या यंत्राला सहाच खाने.
तिथं दुचाकी म्हणजे अर्धी मोटार, बस म्हणजे तीन,
आणि बसमधून उतरलेला माणूस म्हणजे
काही नाही.
कोणाचा दोष काढत नाही मी. बिलं माझ्याच हाताखालून गेली,
तक्त्यामागे चाळीस रुपये मिळाले होते तिला.
समासाचे वेगळे नाहीत.

त्या रात्री इतिवृत्त टंकताना
‘चर्चेअंती’ गाळला.
एवढंच. माझी शूरगिरी तेवढीच.
‘विषय सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’
वाक्य उघडं दिसत होतं,
बनियनवरच दारात आलेल्या माणसासारखं.

तिसऱ्या दिवशी मसुदा परत आला.
लाल गोल, आत सचिवांचं नीटस अक्षर :
शब्द राहिला.
घातला.
दाभणानं भोकं पाडली, दोरा ओवला, गाठ मारली.
पान दोनशे सहा. आहे तिथं ते अजून.
माहितीच्या अधिकारात मागितलं कोणी तर
झेरॉक्समध्ये निळं पेन काळं येईल,
पण येईल.

काल त्याच नाक्यावर उतरलो.
पुलाच्या खांबासाठी थांबा दोनशे पावलं मागे गेलाय,
जुन्या जागी फलक, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
दुभाजकापर्यंत पोचलो, पुढे सुचेना.
पलीकडे रसवंतीच्या सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर
एक पोरगा तक्ता घेऊन बसलेला.
यावेळी दुसरी कुठली तरी कंपनी.
मी हात वर केला, गाड्यांसाठी.
त्यानं मान उचलली. माझ्याकडे पाहिलं.
पेन टेकवलं कागदावर, बहुतेक कडेला,

आणि मध्ये डंपर आला.