चाळीस भाकऱ्या

अकरा वर्षं झाली तुम्ही परत येऊन.
साखर पेठेतल्या या एका खोलीत
तुम्ही चादरीच्या डिझाइनचे जकार्ड-पुठ्ठे पाडता,
मी सूप मांडीवर घेऊन विड्या वळते.
दोघांचंही काम मोजायचं.
पंचवीस झाल्या की मी दोरा बांधते.
तुमचं चालतं भोक, कोरं, कोरं, भोक,
ओठ न हलवता.

गल्लीला सांगितलंय, मस्कतला टॉवेलच्या गोदामात होते.
मीच सांगितलंय.
मस्कतचा माणूस येताना खजूर आणतो.
तुम्ही आणलीत
नखं नसलेली दोन बोटं
आणि झोपेतली एक बोली,
तेलुगू नाही, मराठी नाही, कानडीही नाही,
घाबरलेला माणूस बोलेल तशी अदबीची.
मी विचारलं नाही.
गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँ बघताना
सगळे खाली मोटारसायकलकडे बघत होते,
तुम्ही बघणाऱ्यांच्या तोंडाकडे.
तेव्हाही नाही.

परवा तो पोरगा आला.
शर्टावर दुकानातल्या घडीची रेघ तशीच.
"होटगी रस्त्यावरील कारखान्यातून आलो आहे," म्हणाला.
होटगी रोडचं कुणी असं बोलतं व्हय?
आलेखाचा कागद पसरला. मोर.
जन्मापासून मोर पांघरत आले मी,
हा पाय मागं टाकून उभा होता
आणि तुऱ्यात चार चौकोन रिकामे.
"चुकलंय," तुम्ही म्हणालात.
"नाही काका. साहेबांना असंच हवंय."

तुम्ही चष्मा पुसला.
आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा
तुमची पाठ सरळ झाली.
राग आला तो त्या पाठीचा.
पोराचा नाही, साहेबाचा नाही.

रात्री म्हणालात, इचलकरंजीला मशीन बघायचंय,
चार दिवस.
भाकरी दे बांधून, कडक.
चार दिवसांना आठ पुरतात.
"किती करू?"
तुम्ही पिठाच्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मग परत डब्याकडे.
"होतील तेवढ्या."

नीलव्वानं शिकवल्या तशा थापल्या,
पापडाएवढ्या पातळ,
तीन वाजेस्तोवर. चाळीस झाल्या.
जुन्या लुगड्यात गुंडाळताना बांगड्यांसारख्या वाजल्या.
शेंगाचटणीत लसूण घातला नाही.
वासावरनं कुणी गाव ओळखायला नको.
भाकरी मात्र सरहद्दीच्या अलीकडंच संपवा.

हे मी मोठ्यानं बोलले.
तुमचा हात चपलेच्या पट्ट्यावर थांबला.
तुम्ही वर बघितलं नाही,
पट्टा मात्र दोनदा लावलात.

आता फरशीवर पुठ्ठ्याच्या टिकल्या पडल्यात,
भोकांतनं निघालेल्या, शेकड्यानं.
झाडून चुलीत घालते.
मोजत नाही.
शेजारणी विचारतील.
इचलकरंजी, म्हणेन.
मग पंधराएक दिवसांनी,
मस्कत.